लेडी चॅटर्ली: २००६ चा पाहावा की २०२२ चा?

डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या इंग्रजी कादंबरीत उमरावाची बायको कॉनी (लेडी चॅटर्ली) इस्टेटीच्या रखवालदाराच्या प्रेमात पडते. तिच्यावरचा नेटफ्लिक्सचा चित्रपट (२०२२) दोन तासांच्या थोडा पुढे जातो. एमा कॉरिन आणि जॅक ओ'कॉनेल यांनी जीव ओतून काम केलंय, भर पावसात विवस्त्र नाचण्याचा प्रसंग तर फार मोकळा झालाय. पण जवळीक फार लवकर येते. ओढ मुरायला वेळच मिळत नाही, आणि मग पुढचे शृंगारप्रसंग एकसारखे वाटू लागतात. १९९३ च्या बीबीसी मालिकेत कॉनी झालेली जोली रिचर्डसन इथे मिसेस बोल्टन, म्हणजे कॉनीच्या नवऱ्याची शुश्रूषा करणारी बाई, आहे. तिच्याकडे जरूर लक्ष द्या.

दिग्दर्शिका पास्काल फेराँचा फ्रेंच चित्रपट (२००६) पावणेतीन तासांचा, आणि ती लांबीच त्याची ताकद आहे. तो कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्यावर बेतलाय, म्हणून इथे रखवालदाराचं नाव मेलर्स नाही, पार्किन. कॉनी तळहातावर पाखराचं पिल्लू घेते आणि तिला रडू फुटतं; पुढचा सगळा स्पर्श तिथून उगवतो. कॉनी झालेल्या मारिना हँड्सला मिळालेलं सेझार (फ्रान्सचं चित्रपट पारितोषिक) अगदी रास्त. उणीव एकच, पण मोठी: कादंबरीतला रखवालदार इंग्लंडमधल्या डार्बीशायरची गावबोली ढालीसारखी वापरतो. वर्गभेदाची ती धार फ्रेंचमध्ये बोथट होते.

हीच कादंबरी अश्लील ठरवून ती विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली होती. एकच पाहायचा असेल तर फेराँचा पाहा, सलग, मध्ये न थांबवता.