दवाखाना ‘डिजिटल’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

1,31,759 रुपये. एवढे पैसे मी चार वेळा करून एका डिजिटल मार्केटिंगवाल्या एजन्सीच्या घशात घातले. हे लिहिताना लाज वाटतेय. ओळखीचे डॉक्टर वाचतील, पेशंटही वाचतील. पण अशी माणसं आपल्या गप्प बसण्यावरच जगतात, म्हणून लिहितेय.

मी डेंटिस्ट आहे, सांगली-मिरज भागात स्वतःचा दवाखाना आहे. इतकी वर्षं पाटी आणि तोंडी ओळख एवढ्यावर नीट चाललं. अथणी, रायबागहून आलेला पेशंट पुढच्या वेळी भावजयीला घेऊन यायचा. मग मोठ्या साखळी क्लिनिकच्या शाखा आल्या, हप्त्यांवर इम्प्लांट आले आणि नवी पिढी दात दुखला की आधी मोबाइल उघडायला लागली. काळाप्रमाणे बदलायला हवं हे कळत होतं. त्यात गैर काहीच नव्हतं आणि आजही मी तेच म्हणेन.

नेमकी हीच भीती त्यांनी हेरली. पुण्याहून आलोय म्हणणारा तरुण लॅपटॉप घेऊन बसला. आमच्याच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांचे रिव्ह्यू त्याने दाखवले आणि म्हणाला, “मॅडम, तुमचे पेशंट रोज इथे वळतायत.” आधी 11,800 ‘ऑडिट’चे, मग वर्षाचं पॅकेज 72,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 84,960. करारपत्र होतं, शिक्का होता, बिलावर जीएसटी क्रमांक होता. यात कोणाला संशय येईल? (तो क्रमांक कधीच रद्द झालाय, हे नंतर कळलं. जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणालाही फुकट तपासता येतो. आधी तपासा.)

मग जाहिरातीच्या बजेटचे 30,000. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर वेगळा क्यूआर आला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर एजन्सीचं नाव नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. ती स्क्रीन आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मी फोन करून विचारलंसुद्धा. “मॅडम, आमचं अॅड्सचं अकाउंट वेगळं आहे,” असं उत्तर आलं. चेअरवर पेशंट रूट कॅनाल अर्धवट राहिल्याने तोंड उघडून बसलेला, बाहेर तिघं ताटकळलेले. मी पिन टाकला. माझ्या जागी कोणीही टाकला असता. दिवसभर हातात ग्लोव्हज असलेल्या माणसाने जाहिरातीचं खातं कसं चालतं हे कुठून शिकायचं? आता शिकलेय: गूगलच्या जाहिरातीचं खातं आपल्या नावाने उघडायचं आणि पैसे आपल्याच कार्डाने थेट गूगलला द्यायचे. मधल्या माणसाला जाहिरातीचा एक रुपयाही द्यायचा नाही. आणि पैसे भरून सर्चमध्ये कायमचा पहिला नंबर मिळतो असं कोणी म्हटलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तशी जागा गूगल विकत नाही.

‘लीड्स’, म्हणजे येऊ शकणाऱ्या पेशंटचे नंबर, म्हणून एक्सेल शीट आली. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन लावले. पाटण्याचा एक माणूस, कर्जासाठी अर्ज केलेल्या एक बाई, बरेच नंबर बंद. रिव्ह्यू मात्र भराभर वाढले. त्यातल्या एकात लिहिलं होतं, ‘डिलिव्हरी छान झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप.’ दातांच्या दवाखान्यावर! माझ्या जुन्या पेशंटने तो मला दाखवला आणि विचारलं, “डॉक्टर, हे पैसे देऊन लिहून घेतलंय का?” पैसे गेल्यापेक्षा तो प्रश्न जास्त लागला.

रिव्ह्यू काढा म्हटलं, तर ‘व्हेरिफिकेशन’चे 4,999 मागितले. तेही दिले, कारण नाव माझं खराब होत होतं. त्यानंतर कळलं की माझ्याच दवाखान्याच्या गूगल प्रोफाइलचे मुख्य मालक ते आहेत आणि मी नुसती मॅनेजर. परत हवं तर 25,000 द्या म्हणाले. ते मी दिले नाहीत. हे प्रोफाइल फुकट असतं. ते स्वतःच्या ईमेलने उघडा, एजन्सीला फार तर मॅनेजर करा आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. गेलेली मालकी परत मागण्याची सोय गूगलवरच आहे, खंडणी देऊ नका.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला. “तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, करार आहे, हे सायबरमध्ये बसत नाही.” बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी म्हणाले, “हा दिवाणी मामला आहे, वकील करा.” रद्द झालेला जीएसटी क्रमांक, भलत्याच नावाचं खातं, प्रोफाइल अडवून मागितलेले पैसे, हे दिवाणी? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम 318 फसवणुकीचंच आहे. ते कलम मी छापून नेलं. साहेबांनी कागद न वाचता परत दिला आणि विचारलं, “डॉक्टर असून तुम्हाला कळलं नाही?” तक्रारदाराला हा प्रश्न विचारायचा आणि आरोपीला साधा फोनही लावायचा नाही! ऑनलाइन तक्रारीचं स्टेटस आजही ‘प्रोसेस’मध्येच आहे. तरीही पैसे गेल्या गेल्या 1930 लावा. वेळेत कळलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, उशीर झाला की खातं रिकामं.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. पण वकिलांनी सांगितलं की ‘व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा’ हा मुद्दा समोरचे काढणारच. तरी मी दावा तयार करतेय. नोटीस पाठवली होती, ती पत्त्यावर कोणी नाही म्हणून परत आली.

आपल्या व्यवसायातली आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. जाहिरात करून पेशंट ओढणं आपल्या आचारसंहितेत बसत नाही. डॉक्टरांसाठी 2002 चे आणि डेंटिस्टसाठी 2014 चे नियम आहेत. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, अशा सूचना तेवढ्या चालतात. या लोकांनी मला न विचारता ‘शंभर टक्के वेदनारहित’ अशी जाहिरात माझ्या फोटोसह टाकली. म्हणजे तक्रार करायला गेलं तर डेंटल कौन्सिलची नोटीस मलाच येण्याची भीती. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच ते डॉक्टर शोधतात. करारात ‘कुठलाही मजकूर माझ्या लेखी मंजुरीशिवाय टाकायचा नाही’ ही ओळ घाला. ती घालायला जो कां-कू करेल, त्याच्याशी व्यवहार नको.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमना फोन आला. एजन्सीचं नाव वेगळं, पॅकेज तेच 72,000 अधिक जीएसटी, आणि आधी ‘ऑडिट’. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. क्यूआरचा स्क्रीनशॉट मी त्यांच्याकडून मागवून घेतलाय आणि माझ्या तक्रारीला जोडतेय. तुम्हालाही असा फोन आला असेल, तर नंबर आणि क्यूआरवरचं नाव जपून ठेवा आणि मला कळवा.