नवीन निघालेली छोटी शाळा: मॉन्टेसरी, वॉल्डॉर्फ की डेमोक्रॅटिक?

नवीन छोटी पर्यायी शाळा निघाली की पहिल्या पालकभेटीत सगळंच भारी वाटतं. पंधरा-वीस मुलं, शिक्षक मुलांशी खाली बसून बोलतायत, कुणी ओरडत नाही. पण "मुलाच्या कलाने" आणि "घोकंपट्टी नाही" हे तिन्ही प्रकारच्या शाळा म्हणतात, त्यावरून काही ठरत नाही. माझं मत विचाराल तर मूल बहुतेक ठिकाणी रुळतं, रुळत नाहीत ते आईबाबा, म्हणून तुलना करायची तर घराला काय झेपेल यावर करा.

मॉन्टेसरी त्यातल्या त्यात ओळखीची. या पद्धतीची पहिली शाळा १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झाली. ३ ते ६ वयाची मुलं एकाच वर्गात, ठरावीक साहित्य आणि सकाळचा साधारण तीन तासांचा सलग वेळ ज्यात मूल स्वतः काम निवडतं. अक्षरं हाताने गिरवत लवकर येतात त्यामुळे "अजून वाचत कसा नाही" वाल्या नातेवाईकांचं तोंड आपोआप बंद होतं, आणि काळजीखोर आईबाबांसाठी हा मला सगळ्यात सोपा पर्याय वाटतो. घरी एवढंच करायचं की मुलाच्या पायात बूट आपण चढवायचे नाहीत, उशीर होत असला तरी (हे ऐकायला सोपंय, सकाळी घाईत करून बघा). नवीन शाळेतली खरी गोची वेगळीच असते. छोटी मुलं मोठ्यांचं बघून शिकतात यावर तो वर्ग चालतो आणि पहिल्या वर्षी मोठी मुलं असतातच कुठे? म्हणून मोजक्याच लहान मुलांवर सुरुवात करून हळूहळू वाढणारी शाळा मला जास्त खरी वाटते. आणि मॉन्टेसरी नाव कुणीही पाटीवर लावू शकतं, सो शिक्षकांचं ट्रेनिंग कुठलं, किती महिन्यांचं, हे न लाजता विचारा.

वॉल्डॉर्फची सुरुवात १९१९ ची, श्टुटगार्टमध्ये एका सिगारेट फॅक्टरीच्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ श्टायनरने काढलेली शाळा. इथे वाचन-लेखन साधारण सातव्या वर्षापर्यंत शिकवायला घेतच नाहीत, तोवर गोष्टी, गाणी, रंग, हातकाम. पुढे रोज सकाळी एकच विषय तीन-चार आठवडे सलग. लहान वयात घरी स्क्रीन नको असं बऱ्याच शाळा स्पष्ट सांगतात, म्हणजे तुम्ही जेवताना मोबाईल लावून देत असाल तर पहिली परीक्षा तुमचीच. एकच वर्गशिक्षक मुलांबरोबर वर्षानुवर्षं वर सरकतो, काही ठिकाणी आठ वर्षं, आणि छोट्या शाळेत तो माणूस चांगला असेल तर सोनं, पण तो सोडून गेला तर मागे उरतं काय? श्टायनरच्या आध्यात्मिक विचारांचा पाया आहे यामागे, तो वर्गात किती येतो हेही सरळ विचारून घ्या. मध्येच सातव्या वर्षी काढून नेहमीच्या शाळेत घातलं तर मूल वाचनात मागे दिसणारच, कारण इथे सुरुवातच तेव्हा होते.

आता डेमोक्रॅटिक, म्हणजे मुलं आणि शिक्षक मिळून चालवतात ती शाळा, जिथे घरं खरी हलतात. ए. एस. नीलची समरहिल ही शाळा १९२१ ची (आता इंग्लंडमध्ये), अमेरिकेतली सडबरी व्हॅली १९६८ ची. समरहिलमध्ये तास असतात पण बसायची सक्ती नाही, सडबरीत तर ठरलेला अभ्यासक्रमच नाही. नियम सभेत ठरतात, तिथे सहा वर्षांच्या मुलाचं एक मत आणि शिक्षकाचंही एकच. सडबरीत पुढच्या वर्षी कुठले शिक्षक राहणार यावरही मुलं मतदान करतात. ऐकायला मस्त. पण तुमचं मूल कित्येक महिने नुसतं खेळत बसेल, संध्याकाळी "आज काय केलंस" विचारलं की "काही नाही" म्हणेल, आणि ते खरं असेल. आईला पटलंय आणि बाबा "बघू वर्षभर" मोडमध्ये आहेत असं असेल तर प्लीज नका घालू, कारण ते भांडण शेवटी मुलाच्या डोक्यावर येऊन बसतं. शिवाय नव्या शाळेत सगळीच मुलं एकदम सुटलेली असतात, सभेत "हे आम्ही करून पाहिलंय, जमत नाही" असं सांगणारी जुनी पोरं नसतात, त्यामुळे पहिलं वर्ष गोंधळाचं जाणार हे धरूनच चला. अशा शाळेच्या पालकभेटीत तुम्हाला थोडी भीती घातली गेली तर ते चांगलं लक्षण समजा. मुलासाठी आठवडाभराची ट्रायल देत असतील तर घ्याच.

छोटेपणाचा तोटा तिघांनाही सारखा. बारा मुलांत तुमच्या मुलाच्या वयाचं एकच असेल आणि दोघांचं पटलं नाही तर संपलं, दुसरी तुकडी नसते. शाळा बघायला बोलावतात त्या दिवशी रंगीत कोपरे बघण्यापेक्षा तिथल्या मुलांची वयं विचारा, जमलं तर एका साध्या दिवशी तासभर कोपऱ्यात बसायची परवानगी मागा.

माझी निवड? दोघंही आईबाबा मनापासून तयार असतील तर डेमोक्रॅटिक, शिक्षकावर विश्वास बसला तर वॉल्डॉर्फ, आणि धाकधूक असेल तर मॉन्टेसरी. पण कुठलीही घ्या, "आमची शाळा कुठल्या घरांसाठी नाही" हे ज्यांना पटकन सांगता येत नाही तिथे मी एक वर्ष थांबेन. आणि मान्यता कुठल्या टप्प्यावर आहे, वर्षाच्या मध्येच शाळा बंद पडली तर फीचं काय, हे लेखी घ्या, चेहरे कितीही गोड असले तरी.