घरी येऊन रक्त नेणारी लॅब: आईला एकदाच टोचलं

माझी आई ७८ वर्षांची. तिच्या हातांवरच्या शिरा लांबूनही दिसतात, निळसर, दोरीसारख्या वर आलेल्या. रक्त काढायला येणारा प्रत्येकजण 'आजींच्या शिरा मस्त आहेत' म्हणतो आणि मग तीन-तीनदा टोचतो. दिवाळीआधी एका लॅबच्या माणसाने हाताची पाठ मनगटापर्यंत काळीनिळी केली. आठवडाभर तिला लाटणं धरवत नव्हतं. मला फार वाईट वाटलं होतं.

या वेळी शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या, आमच्याच गल्लीच्या टोकाच्या लॅबला बोलावलं. आदल्या रात्रीच त्यांचा फोन: उपाशीपोटी म्हणजे खाणं नको, साधं पाणी मात्र पाजा, अंगात पाणी कमी असलं की शिरा बसतात. सकाळी पावणेसातला मुलगी हजर. हाताच्या पाठीकडे तिने बघितलंही नाही. कोमट ओल्या नॅपकिनने कोपर शेकलं, पट्टा बांधला आणि कोपराच्या खळगीत बोटाने चाचपत राहिली. "दिसते तिच्यापेक्षा बोटाला लागते ती शीर चांगली, ताई."

मग या एवढ्या दिसतात कशाला, मी विचारलं. म्हणाली, वयाने कातडी पातळ होते, खालची चरबी झडते, म्हणून शिरा उघड्या पडतात. आणि आजूबाजूचा आधार गेल्यामुळे सुई टेकली की सटकतात. तिने अंगठ्याने खालची कातडी ताणून धरली होती ती त्यासाठीच. आई म्हणाली, "अगं, पण निळ्या का?" रक्त निळं नसतंच, आजी. लाल उजेड कातडीत खोलवर जातो आणि शिरेतल्या रक्तात शोषला जातो, निळा त्या मानाने वरूनच परत फिरतो, म्हणून तसं दिसतं. बोलता बोलता जांभळ्या टोपणाची ट्यूब भरलीसुद्धा. आईने निरखून पाहिलं, "खरंच की, काळपट लाल आहे."

नंतर कापूस दाबून तिने स्वतः पाच मिनिटं धरला, कारण आई रक्त पातळ करायची गोळी घेते. कोपर दुमडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी साधा डागही नव्हता.

घरी येण्याचे १०० रुपये जास्त घेतात, ते योग्यच. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला, पण अक्षर इतकं बारीक की आईला वाचता येईना. मराठीत मोठ्या अक्षरात द्यायला हवा. रविवारी कोणी येत नाही, नोकरी करणाऱ्यांची त्यात पंचाईत होते.

तीन महिन्यांची साखर पुन्हा बघायची आहे. तेव्हा हीच मुलगी पाठवा, असं आईने आत्ताच सांगून ठेवलंय.