कार्ड मायदेशातून निघालंच नव्हतं

परदेशात राहून मायदेशातल्या बँकेच्या नव्या कार्डाची टपालाने वाट बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझे पैसे गेले ते या वाट बघण्याच्या काळात, आणि गंमत म्हणजे त्या नव्या कार्डाला कुठल्याही चोराचा हातसुद्धा लागला नव्हता.

जुन्या कार्डाची मुदत संपत आली होती. हेल्पलाइनला विचारलं, तर उत्तर मिळालं की नवं कार्ड "नोंदणीकृत पत्त्यावर रवाना केलंय". ॲपमध्ये माझा परदेशातला पत्ता दिसत होता, तेव्हा कार्ड इकडेच येणार हे धरून चालले. प्रत्यक्षात खात्याला कायमचा पत्ता वेगळा, पत्रव्यवहाराचा वेगळा, आणि कार्ड विभागाकडे नोंदवलेला पत्ता आणखी तिसराच असू शकतो. फोनवरची मुलगी खोटं बोलत नव्हती. तिच्यासमोर जे दिसत होतं तेच तिने वाचून दाखवलं.

मग एक मेसेज आला. तुमचं पाकीट पत्ता अपुरा असल्यामुळे अडकून पडलंय, पुन्हा वाटपासाठी किरकोळ शुल्क भरा, खाली लिंक. असे मेसेज घाऊक सुटतात. ज्याचं काहीच येणार नसतं तो पुसून टाकतो. माझं मात्र खरोखरच काहीतरी यायचं होतं, त्यामुळे तो मेसेज मला माझ्याचसाठी लिहिल्यासारखा वाटला. भामट्यांना माझ्या कार्डाची काडीचीही खबर नव्हती. अंधारात मारलेला दगड होता तो.

मेसेजमध्ये ट्रॅकिंग नंबरही होता, आणि खोटेपणा त्यातच लपलेला होता. देशोदेशीच्या टपालखात्यांचा आंतरराष्ट्रीय नंबर 13 जागांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी दोन अक्षरं. पहिलं अक्षर टपालाचा प्रकार सांगतं, म्हणजे रजिस्टर पत्राला 'आर', एक्स्प्रेसला 'ई'. नववा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मनाने ठोकून दिलेला नंबर सहसा या तपासणीत आपटतो. शेवटची दोन अक्षरं म्हणजे टपाल जिथे टाकलं त्या देशाची खूण. माझ्या मेसेजमधल्या नंबराच्या शेवटी मी राहते त्याच देशाची अक्षरं होती. मायदेशातून निघालेल्या पत्रावर ती येतीलच कशी? हे मला नंतर कळलं. कुरियर कंपन्यांचे नंबर निराळे असतात, तिथे हा हिशोब चालत नाही.

लिंकवरचं पान टपालखात्याच्या पानासारखंच दिसत होतं. शुल्क भरायला मी दुसरं, चालू असलेलं कार्ड वापरलं. ओटीपी आला. आता इथे जरा नीट लक्ष द्या. मेसेज आला की फोन त्यातले आकडे उचलून कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर आणून ठेवतो, आपण तिथे बोट टेकवायचं आणि झालं. मेसेज उघडावाच लागत नाही. माझ्या त्या मेसेजात आकड्यांच्या पुढे स्पष्ट लिहिलं होतं की हा कोड तुमचं कार्ड मोबाइल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी आहे. शुल्काचा त्यात उल्लेखही नव्हता. आणि ते शुल्क खात्यातून कापलं गेलंच नाही. त्यांना किरकोळ रक्कम नकोच होती. माझं कार्ड त्यांच्या फोनमध्ये बसवायचं होतं, आणि ते बसलं.

एकदा असं झालं की त्या फोनमध्ये कार्ड नंबराऐवजी टोकन नावाचा पर्यायी नंबर साठवला जातो. मग दुकानात फोन यंत्राजवळ धरायचा, की खरेदी झाली. कार्डाचा पिन सहसा विचारला जात नाही, कारण फोनधारकाने स्वतःच्या बोटाने किंवा चेहऱ्याने फोन उघडला एवढी खातरी यंत्राला पुरते. चेहरा भामट्याचा, पैसे माझे. काही दिवस सगळं शांत होतं, आणि मग मी कधी पाऊलही न टाकलेल्या शहरातल्या दुकानांच्या नोंदी एकापाठोपाठ एक खात्यावर उमटल्या.

बँकेचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ओटीपी तुम्हीच दिलाय." यावर हताश होऊन फोन ठेवू नका. ओटीपी वॉलेट जोडण्याला दिला होता, त्या खरेद्यांना नाही. वॉलेट कोणत्या वेळी, कुठल्या प्रकारच्या उपकरणावर जोडलं गेलं याची नोंद बँकेकडे असते, ती मी लेखी मागितली. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. काही रक्कम परत आली, बाकीचं भांडण अजून चालू आहे. कार्ड बंद करताना त्यावरची सगळी टोकनं काढून टाकायला मी वेगळं सांगितलं. ते सांगाच, कारण कार्ड नुसतं बदललं की जुनं टोकन नव्या नंबराला जोडलं जाण्याची सोय या व्यवस्थेत असते. प्रामाणिक ग्राहकाला ती सोयीची, चोरालाही तितकीच.

या गडबडीत "बँकेच्या फसवणूक विभागातून" एक अतिशय नम्र गृहस्थ फोनवर आले. गेलेले पैसे परत वळवायला फक्त एक कोड हवा, म्हणाले. एकदा फसलेल्यांचे नंबर या धंद्यात पुढे विकले जातात. मी फोन ठेवला.

आणि नवं कार्ड? ते मायदेशातल्या जुन्या घरी गेलं होतं. घराला कुलूप, म्हणून पाकीट बँकेकडे परत, आणि परत आलेलं कार्ड नियमाप्रमाणे नष्ट. मी ज्याच्या सुटकेसाठी शुल्क भरत होते ते पाकीट देशाबाहेर पडलंच नव्हतं.

आता कार्ड मागवताना मी समोरच्याला पाकिटावर जाणारा पत्ता पिनकोडसकट वाचून दाखवायला सांगते. "नोंदणीकृत" या उत्तरावर समाधान मानत नाही. साध्या टपालाऐवजी सहीने मिळणारं टपाल मागते, जास्तीचा आकार पडला तरी. कार्डाचं माप जगभर एकच, 85.60 बाय 53.98 मिलिमीटर, त्यामुळे पाकिटावर बँकेचं नाव नसलं तरी आत काय आहे ते चाचपून कळतं. इमारतीच्या सामायिक पत्रपेटीत असं पाकीट पडून राहणं बरं नाही. मायदेशातला मोबाइल नंबरही जिवंत ठेवायला हवा. बरेच दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी काढून घेऊन दुसऱ्याला देऊ शकते, मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे.

अगदीच अडलं तर व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांचीही परदेशात अडकलेल्यांसाठी तातडीच्या तात्पुरत्या कार्डाची सेवा आहे. तुमच्या बँकेची संमती लागते, पण विचारून तरी बघा. आणि हेल्पलाइनचा नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागून किंवा ॲपमधून. इंटरनेटवर शोधून सगळ्यात वर दिसणाऱ्या नंबरांत भामट्यांनी पेरलेलेही असतात.