रविवारची संध्याकाळ: रंकाळा की मॉल?

पोरांनी घर डोक्यावर घेतलं की आमच्याकडे कोल्हापुरात हाच वाद. पाऊस असेल तर डीवायपी सिटी मॉल बरा. छपराखाली खरेदी, सिनेमा, आज्जीला बसायला गारवा. पण पोरं दिसेल ते मागतात आणि खिसा रिकामा.

उघडीप असली की रंकाळा तलावच. आधी भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनला कापशी चप्पल पायात घालून बघायची, घासाघीस करायची, मग खासबागेत भेळ (तिखट सांगूनच घ्या, नाहीतर मजा नाही) आणि ऊन उतरताना तळ्याच्या काठावर. समोर शालिनी पॅलेस, मोकळा वारा, पोरांना पळायला जागा. गाडी लावायला मात्र दोन चकरा ठरलेल्या. तरी माझं मत रंकाळ्यालाच. सिनेमा काय, सोमवारीही असतोय.