दहावीनंतर अकरावी विज्ञान की पॉलिटेक्निकचा डिप्लोमा?

गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल लागला की आमच्या डिचोलीत घरोघरी हाच विषय निघतो: मुलाला अकरावी विज्ञानाला घालावे, की मये किंवा पणजीच्या आल्तिनोवरील सरकारी पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाला पाठवावे. मी उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत पालक टक्केवारीबद्दल खूप बोलतात, पण निवड चुकली तर कोणत्या वाटेवरून मागे फिरता येते, हे क्वचितच विचारतात. माझ्या मते तोच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

अभियंता होण्याचे पक्के असेल, तर वर्षांच्या हिशोबात दोन्ही वाटा सारख्याच आहेत. बारावीची 2 वर्षे आणि पदवीची 4, किंवा डिप्लोमाची 3 वर्षे आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पुढची 3. दोन्हीकडे 6 वर्षे लागतात. घरात कमावत्या हातांची गरज असेल तर मात्र डिप्लोमाचे पारडे जड होते, कारण तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरता येईल अशी पात्रता मुलाच्या हाती असते आणि नुसत्या बारावीवर ती नसते.

मागे फिरण्याच्या बाबतीत विज्ञान शाखा अधिक उदार आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची तरतूद आहे. त्यात फार तर एक वर्ष खर्ची पडते. डिप्लोमाला गेलेल्या मुलीला मात्र पुढे वैद्यकीयकडे वळावेसे वाटले, तर नीटसाठी बारावीपासून सुरुवात करावी लागते. विज्ञान शाखेतही गणित सोडले की अभियांत्रिकी आणि वास्तुकला ही दोन दारे मिटतात, जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयचे; बी. फार्म.ला मात्र दोहोंपैकी एक विषय असला तरी चालते. ज्याचे मन ठरलेले नाही, त्याने ओझे जड वाटले तरी दोन्ही विषय ठेवावेत, असे मी स्पष्टच सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी डिप्लोमाला होती. संध्याकाळच्या कदंब बसमध्ये ड्रॉइंग शीटची गुंडाळी चुरगळू नये म्हणून ती उभी धरून, स्वतः दांड्याला टेकून ती प्रवास करी, आणि तिच्या बोटांवरचा पेन्सिलीचा काळा थर मला अजून आठवतो. हाताने काम करण्याची अशी ओढ ज्या मुलात दिसते, त्याला टक्के चांगले पडले म्हणून अकरावीला ढकलणे मला अन्याय वाटतो.

विद्यार्थी मंडळाचा विचार पालक करतच नाहीत, तो करावा. उच्च माध्यमिकमध्ये वर्गप्रतिनिधी किंवा सरचिटणीस म्हणून वावरण्याची खरी सवड अकरावीतच मिळते. बारावीत बोर्डाची आणि प्रवेश परीक्षांची तयारी सगळा वेळ खाते. डिप्लोमात तीन वर्षे हाताशी असतात, मात्र दर सहा महिन्यांनी सत्र परीक्षा असल्यामुळे कामे नेटकी वाटून घ्यावी लागतात. सभेत उभे राहून बोलायला जे मूल कचरते, त्याच्यासाठी हा अनुभव एखाद्या विषयाइतकाच मोलाचा आहे.

मार्गदर्शनासाठी लांब जाण्याची गरज नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांमध्ये समुपदेशक नेमले जातात. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला त्यांच्याकडे एकट्याने बोलू द्यावे आणि पालकांनी नंतर जावे, कारण आईवडील शेजारी बसले की मूल त्यांच्या तोंडाकडे पाहून उत्तर देते, हे मी प्रवेशाच्या टेबलावर वारंवार पाहिले आहे.