गुडघ्याची गादी 'भरून देणारे' आणि माझे ७१,४०० रुपये

रक्कम आधी लिहितो, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कुणी म्हणणार नाही. इलाजाच्या पॅकेजचे ६२,५०० आणि नंतर गळ्यात मारलेल्या गुडघ्याच्या पट्ट्याचे ८,९००. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरलेला माणूस मी! घरचे अजून हसतात.

गुडघ्याची झीज होती, तिसऱ्या ग्रेडची. जिना उतरताना जीव जायचा. पांढरा कोट घातलेला माणूस समोर बसून म्हणतो, "लेझरने गादी परत भरते, ऑपरेशन टळेल," तेव्हा काय करणार? फिजिओथेरपीने झिजेचं दुखणं कमी होतं हे खरंच आहे, आणि त्याच खऱ्याच्या आडून त्याने मशीनचं पॅकेज विकलं. "आजच भरलेत तर सूट" वगैरे तुम्हाला पाठ असेल, ते सोडतो.

लाल दिव्याखाली पडायचं, मग पॅड लावून मुंग्या आणायच्या. व्यायाम म्हणजे फाईलला मागे टाचलेला एक झेरॉक्स कागद. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? हे दुखणं चढतं-उतरतं, आणि आपण इलाजाला धावतो तेव्हा ते अगदी चढलेलं असतं. पुढे ते थोडं उतरणारच होतं. श्रेय मशीनला.

कोर्सनंतर दुसरा एक्स-रे काढला. पहिल्या वेळी मला उभं केलं होतं. या वेळी, "काका, आरामात झोपा, गुडघ्याला त्रास नको." किती काळजी घेतात, असं वाटलं मला! मग दोन्ही फिल्म शेजारी लावून दाखवल्या. बघा, फट वाढली, गादी भरतेय. पहिलीच्या कोपऱ्यात 'स्टँडिंग' छापलेलं होतं, दुसरीवर नव्हतं. मी ते वाचलं. वाचलं आणि सोडून दिलं! उभं राहिल्यावर अंगाचा भार सांध्यावर येतो, हाडं जवळ येतात. झोपल्यावर भारच नाही, तर फट मोठी दिसेल नाहीतर काय? कारकुनाने असे दोन आकडे माझ्यापुढे ठेवले असते तर फाईल तोंडावर फेकली असती. इथे त्याच खुशीत पट्ट्याचे पैसे मोजले. पण दुखणारा माणूस फिल्मचे कोपरे तपासत बसतो का, तुम्हीच सांगा.

दुखणं परतलं तेव्हा रीतसर शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. कूर्चेत, म्हणजे त्या गादीत, रक्तवाहिन्याच नसतात, झिजलेली कूर्चा दिव्याने उगवत नाही, त्या म्हणाल्या. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत लेझर, अल्ट्रासाऊंड, टेन्स, आयएफटी (ही पॅड लावून मुंग्या आणणारी विजेची मशीनं) या दुखण्याला देऊ नका असं स्पष्ट आहे, कारण पुरेसा पुरावा नाही. व्यायाम मात्र सगळ्यांना द्या. म्हणजे काय, तर खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, पाय सरळ ठेवून उचलणं, मांडीच्या आणि कुल्ह्याच्या स्नायूंची ताकद हळूहळू वाढवणं, शिवाय माझ्यासारख्यांनी वजन उतरवणं. तो झेरॉक्स बघून ताई म्हणाल्या, "काका, पॅकेजमध्ये कामाचं एवढंच होतं."

आता तक्रारीचं ऐका. चौकीत, "सही तुमचीच ना? मग ही दिवाणी बाब." आरोग्य खात्यात, "पावतीवर 'वेलनेस सदस्यता' आहे, म्हणजे हा दवाखानाच नाही, आमच्याकडे येत नाही." (पैसे देतानाच पावती वाचा, घरी येऊन नव्हे.) फिजिओथेरपीवाल्यांच्या परिषदेचं उत्तर तर चौकटीत लावावं असं: तो इसम आमच्या नोंदवहीत नाही, सबब आम्ही कारवाई करू शकत नाही. म्हणजे पदवीवाला चुकला तर चौकशी, बिनपदवीचा लुटून गेला तर मोकळा! नोंदणी क्रमांक आधीच विचारा, नंतर विचारून असं उत्तर मिळतं. ग्राहक आयोगाने अर्ज घेतला, पण तज्ज्ञाचं लेखी मत जोडा म्हणे. तोंडी मत द्यायला सगळे तयार, लेखी म्हटलं की "नको हो, कोर्टाची झंझट." तारखेला समोरचा येत नाही, पुढची तारीख पडते, चहा पिऊन मी घरी.

'गादी भरेल' हे लेटरहेडवर लिहून मागा, देणार नाहीत. मूळ फिल्म केंद्रात ठेवू नका. माझ्या तिथेच अडकल्यात, मोबाइलवर फोटो काढले होते म्हणून कोपरा तरी वाचता येतो. तुमच्याकडे अशा 'आधी-नंतर'च्या फिल्म असतील तर आजच काढून बघा, एक उभ्याने आणि एक झोपून असेल तर कळवा. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही, आपण मिळून तक्रार करू.